सेल्फ मारतानाचे ते दोन सेकंद

गाडीत रास्पबेरी पाय बसवायची खुमखुमी आपल्यापैकी बऱ्याच जणांना कधी ना कधी येतेच. कुणाला स्वतःचा डॅशकॅम हवा असतो, कुणाला जीपीएसची नोंद ठेवायची असते, कुणाला ओबीडीच्या खोबणीतून इंजिनाचे आकडे काढून त्यांचे आलेख बघायचे असतात. दोन वीकांतांत कोड लिहून होतो, टेबलावर सगळं झकास चालतं. मग तो पाय गाडीत जातो, आपण सेल्फ मारतो आणि पाय आडवा होतो. पुन्हा बूट, पुन्हा तीस-चाळीस सेकंद वाट. असं महिनाभर चाललं की एका सकाळी तो बूटच होत नाही.

ह्यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच, मध्ये एक पॉवर बँक लाव की! माझं मत असं आहे की हे चुकीच्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर आहे. प्रश्न 'पायला जास्त वेळ वीज कशी देऊ' असा नाहीच. पायला वीज नेमकी कधी लागते, किती लागते आणि ती गेलीच तर काय बिघडतं, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. आपण सॉफ्टवेअरवाले लोक वीज ही भिंतीतून येणारी गोष्ट मानतो, म्हणून तिन्हीला एकच ठिगळ लावतो. ते ठिगळ म्हणजे उन्हात तापणाऱ्या बंद गाडीत ठेवलेली लिथियमची बॅटरी! हे मला साफ नामंजूर आहे. का, ते सांगतो.

आधी चावी फिरवल्यावर होतं काय ते बघू. विजेवर चालणारा स्टार्टर, म्हणजे आपला सेल्फ, १९१२ साली कॅडिलॅक गाडीत आला. तो बनवणाऱ्या चार्ल्स केटरिंगने त्याआधी दुकानातल्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवली होती. तिथली गोम त्याला ठाऊक होती: मोटरला काही सेकंदच काम करायचं असेल तर छोट्या मोटरवरही भरपूर भार टाकता येतो. सेल्फ आजही ह्याच तत्त्वावर चालतो. थांबलेली मोटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखी वागते. छोट्या पेट्रोल गाडीतही त्या क्षणी ३००-४०० अँपिअर करंट जाऊ शकतो. बॅटरीचा अंतर्गत रोध आणि केबल मिळून १२ मिलिओहम धरा, करंट ३५० अँपिअर धरा. गुणाकार येतो ४.२ व्होल्ट. म्हणजे १२.५ व्होल्टची बॅटरी क्षणभर ८.३ वर येते. मग मोटर फिरायला लागते, करंट उतरतो आणि व्होल्टेज साधारण साडेनऊ-दहाच्या आसपास हेलकावत राहतं. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ते १४ च्या घरात नेऊन ठेवतो.

आता गंमत बघा. बाजारात मिळणारा साधा १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर ७ व्होल्टपर्यंत आरामात काम करतो. म्हणजे बॅटरी धडधाकट असेल तर ८.३ व्होल्टच्या ह्या खड्ड्यातून पाय सुखरूप बाहेर यायला हवा. तरी तो का पडतो?

कारण बहुतेक वेळा खड्डा हा गुन्हेगार नसतोच. गाडीच्या चावीत बंद, अॅक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट अशा जागा असतात. चावी 'स्टार्ट'वर असताना गाडी स्वतःच अॅक्सेसरीची लाइन तोडते, म्हणजे सगळी ताकद सेल्फला मिळावी. सिगारेट लायटरचं सॉकेट बहुतेक गाड्यांत ह्याच लाइनवर असतं. तिथे ८ व्होल्ट नसतात, शून्य असतात. शून्य व्होल्टमधून पाच व्होल्ट काढून देणारा कन्व्हर्टर अजून जन्माला यायचाय :-)

म्हणजे रोग दोन आहेत, आणि दोन्हीची लक्षणं सारखीच. एक, व्होल्टेज खाली जाणं. दोन, लाइन तुटणं. पहिल्यावर बूस्ट करू शकणारा कन्व्हर्टर हे औषध आहे. दुसऱ्यावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून औषध घेण्याआधी तपासणी करा. साध्या मल्टिमीटरने करू नका, कारण काही मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. कुणाकडून ऑसिलोस्कोप आणा. नाहीतर एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीवर दोन रोधांचा डिव्हायडर लावा आणि मिलिसेकंदाला एक आकडा नोंदवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे. दहा वेळा सेल्फ मारा आणि आलेख काढा. आपण कोडचं प्रोफायलिंग करतो, मग गाडीचं का नको?

अजून एक तिसरा, बावळट वाटणारा रोग आहे, तोही तपासून घ्या. पाय ४ ला पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो कमी व्होल्टेजची सूचना नोंदवतो. हातभर लांब, बारीक यूएसबी केबलचा रोध ०.२ ओहम असेल आणि दीड अँपिअर जात असेल, तर केबलमध्येच ०.३ व्होल्ट उडाले. अशा वेळी पाय आधीच कड्याच्या टोकावर उभा असतो आणि सेल्फ त्याला फक्त बोट लावतो. केबल आखूड आणि जाड घ्या, कन्व्हर्टर ५.१ वर ठेवा. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

ह्या विषयावरचे परदेशी लेख वाचताना एक भान ठेवायला हवं. त्यांचा शत्रू थंडी आहे. उणे वीस अंशात ऑइल घट्ट होतं, बॅटरी मरगळते आणि सेल्फला इंजिन फिरवायला खरोखर झगडावं लागतं. वाहनांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचण्यांसाठी जे आयएसओ १६७५० मानक आहे, त्यातल्या सेल्फच्या सगळ्यात कडक चाचणीत व्होल्टेज क्षणभर ३ व्होल्टपर्यंत नेतात. पुण्यात डिसेंबरात कितीही कुडकुडलो तरी आपली गाडी तिथवर जात नाही. आपला शत्रू मे महिना आहे. उष्णतेने लेड-अॅसिड बॅटरी लवकर म्हातारी होते, तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि मग भर उन्हाळ्यातही खड्डा सहा-सात व्होल्टपर्यंत खोल होतो. तेव्हा पाय अचानक पडायला लागला तर आधी कोड उघडू नका, बॅटरीचं वय बघा.

आता मूळ प्रश्न. सेल्फ मारताना पाय जिवंत असायची गरज असते का?

सकाळी थंड गाडी सुरू करताना अजिबात नसते. आपण चावी फिरवतो, पाय बूट व्हायला लागतो, तेवढ्यात सेल्फ त्याला पाडतो, तो पुन्हा उठतो. कार्डाची वाट लागते ती ह्या अर्धवट बूटमध्ये. उपाय अगदी सोपा आहे, त्याला उशिरा उठवा. इंजिन सुरू होऊन पाच सेकंद झाल्यावरच कन्व्हर्टर चालू करायचा. टायमरचा एक रिले किंवा दहा ओळींचा मायक्रोकंट्रोलरचा कोड पुरे. इंजिन चालू आहे हे ओळखायला व्होल्टेज १३.२ च्या वर गेलंय का ते बघा. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला अल्टरनेटर मुद्दाम कमी व्होल्टवर चालवतात, तिथे इग्निशनची लाइन बघावी लागेल. पण मुद्दा तोच. सकाळच्या पहिल्या सेल्फसाठी पायला जिवंत ठेवायचा खटाटोप म्हणजे घरात कुणी उठायच्या आत चहा करून तो गार होऊ देण्यासारखं आहे.

खरी गरज दुसऱ्या प्रसंगाची आहे. प्रवास चालू आहे, पाय मन लावून नोंदी करतोय आणि मध्येच इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. घाटात गाडी बंद पडली, पेट्रोल पंपावर थांबलो, किंवा सिग्नलला गाडीने स्वतःच इंजिन बंद केलं आणि क्लच दाबताच सुरू केलं. अशी आयडल-स्टॉपची सोय असलेल्या काही गाड्यांत तर रेडिओ बंद पडू नये म्हणून कंपनीच छोटा बूस्ट कन्व्हर्टर बसवून देते. ह्या प्रसंगी पाय टिकायला हवा. प्रश्न एवढाच की किती वेळ?

हिशेब करू. कॅमेरा आणि जीपीएस लावलेला पाय ४ साधारण ५ वॅट खातो. कन्व्हर्टरचं नुकसान धरून ६ वॅट म्हणा. सेल्फ दोन सेकंद चालला तर १२ ज्यूल. इंजिनाने नखरे केले आणि पाच सेकंद लागले तर ३० ज्यूल. आता १०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक बघा. तिच्यात ३७ वॅट-अवर, म्हणजे सुमारे १,३३,००० ज्यूल असतात. गरजेच्या चार हजार पटींहून जास्त. पाच सेकंदांच्या पावसासाठी आपण धरण बांधतोय!

त्याऐवजी सुपरकपॅसिटर घ्या. २.७ व्होल्ट, १० फॅरडचे सात नग एकापुढे एक जोडले की १.४३ फॅरड आणि १८.९ व्होल्टची माळ तयार होते. ती १२ वरून ७ व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत सुमारे ६८ ज्यूल देते, म्हणजे आपल्या ६ वॅटच्या भाराला अकरा सेकंद. माळेच्या आधी एक शॉट्की डायोड लावायचा, नाहीतर सेल्फच आपले कपॅसिटर पिऊन टाकेल. रिकामे कपॅसिटर जोडताक्षणी प्रचंड करंट ओढतात, म्हणून त्यांच्या चार्जिंगच्या वाटेत ५ ओहमचा जाडजूड रोध आणि डिस्चार्जसाठी त्याला समांतर उलटा डायोड. प्रत्येक नगावर व्होल्टेज समान वाटलं जावं म्हणून बॅलन्सिंगची पट्टी. सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळण्यासारखं आहे. ह्याने व्होल्टेजचा खड्डाही भरतो आणि लाइन तुटल्याची पोकळीही. एका दगडात दोन पक्षी.

'पण पॉवर बँकने काय घोडं मारलंय? जास्त असली तर असू दे की!' हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. पहिली गोष्ट, बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग सुरू किंवा बंद होताना आउटपुट क्षणभर तोडतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी आणली तेच ती नव्याने देते. पण खरी गोष्ट वेगळी आहे. सर्वसाधारण लिथियम-आयन सेल ४५ अंशांवर चार्ज करू नये आणि ६० अंशांच्या वर वापरू नये, असं त्याचं माहितीपत्रकच सांगतं. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं पोट ६० अंशांपर्यंत तापतं, डॅशबोर्ड त्याहून जास्त. तुम्ही ऑफिसातून संध्याकाळी येता, गाडी सुरू करता आणि नेमकं त्याच वेळी त्या तापलेल्या सेलचं चार्जिंग सुरू होतं. फुगलेली पॉवर बँक तुम्ही टेबलावर पाहिली असेल. ती सीटखाली, वायरींच्या गुंत्यात, मागे मुलं बसलेली असताना असावी असं कुणाला वाटेल? ज्या कामाला ३० ज्यूल पुरतात त्याच्यासाठी ही जोखीम घेणं मला मुळीच शहाणपणाचं वाटत नाही.

इथे एक उलट उदाहरण द्यायला हवं, नाहीतर मी एकच बाजू मांडल्यासारखं होईल. आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत जो ट्रॅकर आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं, त्याच्या एआयएस-१४० ह्या मानकात यंत्राला निदान चार तास पुरेल अशी अंतर्गत बॅटरी हवी असं लिहिलेलंच आहे. हे मानक छापणारी संस्था म्हणजे एआरएआय, पुण्यात ज्या टेकडीवर आपण रविवारी सकाळी फिरायला जातो तिथलीच. मग मानकाला बॅटरी चालते आणि मला का नाही? कारण तिथला प्रश्न सेल्फचा नाही. तिथे कुणीतरी मुद्दाम मुख्य वायर तोडेल आणि तरीही बटण दाबणाऱ्या बाईचा पत्ता पोचला पाहिजे, हा प्रश्न आहे. त्याला चार तास खरोखर लागतात. शिवाय ते यंत्र उष्णतेच्या आणि कंपनांच्या चाचण्यांतून जातं. गरज मोठी असेल तर मोठा उपाय करा, पण मग त्याच्या चाचण्याही मोठ्या करा. पहिलं घ्यायचं आणि दुसरं सोडायचं, हे नाही चालणार.

आता वीज कुठून घ्यायची? माझ्या मते थेट बॅटरीवरून, पण दोन अटींवर. पहिली अट, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. वायर कुठेतरी पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग कुणीच वाचवू शकत नाही. दुसरी अट, गाडी बंद केल्यावर ठरावीक वेळाने कन्व्हर्टर पूर्ण बंद झाला पाहिजे. ५ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते. शुक्रवारी रात्री गाडी लावून गावाला गेलात तर सोमवारी सकाळी सेल्फ मारायचा प्रश्नच उरणार नाही! इग्निशनची लाइन फक्त 'गाडी चालू आहे का' हे विचारण्यापुरती वापरा. तिच्यातून करंट ओढू नका. आणि लाइनवर एक टीव्हीएस डायोड टाका. चालू इंजिनावर बॅटरीची वायर सुटली तर अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं, आणि तेव्हा खड्ड्याची नाही, डोंगराची भीती असते.

एवढं सगळं केलं तरी एक दिवस पायची वीज जाणारच. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि तो नेमका आपल्या हातातला, म्हणजे सॉफ्टवेअरचा आहे. विचार करा, डॅशकॅम आपण कशासाठी लावतो? टक्कर होईल त्या एका मिनिटासाठी. आणि जोराच्या टकरीत बॅटरीच सुटू शकते, फ्यूज उडू शकतो. साधी एमपी४ फाइल नीट बंद झाली नाही तर तिचा शेवटचा निर्देशांक लिहिलाच जात नाही आणि ती फाइल उघडत नाही. म्हणजे वर्षभर निरुपयोगी चित्रण व्यवस्थित जपायचं आणि कामाचं ते एक मिनिट घालवायचं, अशी ही रचना झाली. रस्त्यावर चूक कुणाची होती हे ठरवताना त्या एका मिनिटावर कुणाची तरी नुकसानभरपाई अवलंबून असू शकते. म्हणून चित्रण तुकड्यांत किंवा ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या स्वरूपात लिहा, म्हणजे वीज गेली त्या क्षणापर्यंतचं बहुतेक सगळं वाचता येतं. दर सेकंदाला डेटा कार्डावर ढकला.

मूळ फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती ठेवा. पायच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच ओव्हरले फाइल सिस्टीमचा पर्याय आहे, तो चालू करा आणि नोंदींसाठी वेगळं कार्ड किंवा यूएसबी ड्राइव्ह लावा. वेगळं पार्टिशन पुरत नाही, कारण एसडी कार्ड आतल्या आत स्वतःची हलवाहलव करत असतं. त्या वेळी वीज गेली तर तुम्ही हातही न लावलेला डेटा खराब होऊ शकतो. ईएक्सटी४ चं जर्नल फाइल सिस्टीमला सांभाळतं, कार्डाच्या पोटातल्या हिशेबाला नाही. आणि इग्निशन गेल्याचा इशारा एका पिनवर देऊन व्यवस्थित शटडाउन करा. नेहमीच्या दिवशी तो सभ्यपणे झोपेल आणि वाईट दिवशी मेला तरी काही घेऊन जाणार नाही.

थोडक्यात काय, तर आधी मोजा, सकाळी उशिरा उठवा, मधल्या सेल्फसाठी कपॅसिटर लावा, आणि वीज जाणारच असं धरून कोड लिहा. पॉवर बँक प्रवासात फोनसाठी पिशवीत असू द्या, आणि गाडीतून उतरताना तुमच्याबरोबर खाली उतरू द्या.

आणि हो, सगळं बसवून झाल्यावर 'चाललं बुवा' म्हणून बॉनेट लावून टाकू नका. चित्रण चालू असताना वीस वेळा फ्यूज उपटा. वीसही वेळा पाय उठला आणि वीसही वेळा शेवटचा सेकंद वाचता आला, तरच काम झालं असं समजा. एकोणीस वेळा जमलं असेल तर पुढचा वीकांतही गॅरेजमध्येच घालवा.